आडवी फांदी

ज्यांनी हिमालय पाहिला असेल त्यांनी ढोलबर्डीला खुशाल हसावं. पण देवरीकडच्या सपाट धानाच्या बांध्यांतून मान वर केली की आम्हाला ती डोंगरच दिसते, आणि मे महिन्यात ती चढायची वेळ आली की फारच मोठा डोंगर वाटते.

या उन्हाळ्यात गावच्या वन समितीनं ठरवलं की शहरातल्या लोकांसाठी ढोलबर्डीवर पायवाट करायची. पहाटे चढायचं, माथ्यावरून उजाडताना पाहायचं, लांबवर नवेगावच्या तलावाची चकाकी दिसते ती पाहायची, ऊन तापायच्या आत उतरायचं आणि बचत गटाच्या बायकांच्या हातचं जेवून गाडीत बसायचं. येत्या रविवारी नागपूरहून पहिली मंडळी येणार होती. त्यांना वाट दाखवायला निवडली होती आचल. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, डोक्यावर समितीची टोपी आली तेव्हापासून जमिनीला पाय न लागणारी पोरगी. प्रेमिलाची ती एकुलती एक.

गुरुवारी पहाटे पाच वाजता आचल चुन्याची बादली, ब्रश आणि पाण्याची एक बाटली घेऊन निघाली. दगडांवर पांढरे बाण काढत माथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच काम होतं.

"नऊ वाजता येतो व आई. पोहे करून ठेव," दारातून ती म्हणाली.

पोहे झाले, निवले, त्यावर ताटली झाकून झाली. नऊ वाजले, दहा वाजले. आधी प्रेमिलाला राग आला, आणि राग होता तोवर बरं होतं. साडेदहाला तो कुठल्या कुठे गेला. फोन लागत नव्हता, पण डोंगरावर तो कधीच लागत नाही. नवरा उमराव ट्रक घेऊन रायपूरच्या पुढे होता. बाहेर अंगणातली माती चपलेतूनसुद्धा चटके देत होती, आणि एक बाटली पाणी पोरीला आठ वाजेपर्यंतही पुरलं नसतं.

ती शेजारी धावली. शेजार म्हणजे एकाच अंगणातली दोन घरं, मधली भिंत एक. तिथे तिचा धाकटा दीर कैलाश राहत होता. एकटाच. त्याची बायको रेणू मागच्या मे महिन्यात याच ढोलबर्डीवर विडीचा तेंदूपत्ता तोडायला गेली आणि वाट चुकून, पाण्यावाचून मेली. दोन दिवसांनी ती सापडली, आणि सापडली तीही कैलाशलाच.

"भाऊजी, आचल नाही आली अजून."

त्यानं विचारलं नाही, किती वाजता गेली, कशाला गेली. पाच लिटरचा कॅन भरला, टॉवेल भिजवून डोक्याला गुंडाळला.

"माथ्यापर्यंत येतो मी," तो म्हणाला. "पन सातनाल्याच्या बाजूनं पाय टाकत नाही, हे आताच सांगून ठेवतो."

सातनाला म्हणजे डोंगराच्या मागच्या अंगाला असलेल्या सात खोल नाळी. उन्हाळ्यात तिथे पाण्याचा थेंब नसतो. रेणू तिथेच सापडली होती.

चढाला लागल्यावर पहिला बाण दिसला आणि प्रेमिलाच्या जिवात जीव आला. काळ्या दगडावर पांढराशुभ्र, आचलच्या हातचा, जरा वाकडाच. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला. ऐनाची, सालईची झाडं नुसती उभी होती, अंगावर पान नाही. फक्त तेंदू तेवढा हिरवा. पायाखाली वाळका पाला एवढा करकरत होता की दोघांना एकमेकांशी बोलायचं झालं तर थांबावं लागत होतं, म्हणून ती बोललीच नाहीत. प्रेमिला वर्षभर या वाटेला आली नव्हती. यंदा पत्त्याला जायचंही तिनं गुडघ्याचं कारण सांगून टाळलं होतं. गुडघा ठणठणीत होता.

साडेअकराच्या सुमारास दोघं तिठ्यावर पोचली. इथे तीन वाटा भेटतात. एक खालून, गावातून येते. एक वर माथ्याला जाते. तिसरी डोंगराच्या धारेनं सातनाल्याकडे जाते आणि फार मोठा वळसा घालून पुन्हा गावाच्या पलीकडच्या अंगाला उतरते.

गावाकडच्या वाटेच्या तोंडाशी, अगदी जिथून ती दोघं वर पाय टाकत होती तिथे, एक फांदी आडवी पडली होती.

आमच्याकडे रानात एक रीत आहे. मोहफुलाला, पत्त्याला, सरपणाला माणसं मागंपुढं जातात. पुढच्याला वाटेत अस्वल दिसलं, आग्यामोहोळ उठलेलं दिसलं, वणवा दिसला, की तो मागच्यांसाठी वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकतो आणि तिच्या बुडाशी दगड ठेवतो. फांदी दिसली की मागचा माणूस वळतो. वाट रोजची असली, घर समोर दिसत असलं, तरी वळतो. विचारायचं नाही, ओलांडायचं नाही. धोका टळला की सगळ्यात शेवटी येणाऱ्यानं ती उचलायची आणि पानं वर करून झाडाला टेकवायची, म्हणजे वाट मोकळी झाली. खोटी फांदी कोणी टाकत नाही. दारू पिऊन रोज भांडणारेसुद्धा टाकत नाहीत.

कैलाश खाली बसला. फांदी तेंदूची होती. मोडल्या जागी लाकूड अजून ओलं होतं. एवढ्या उन्हात तोडलेलं पान घटकाभरात मान टाकतं, आणि या फांदीचं एकही पान सुकलं नव्हतं.

"आत्ताच तोडली कोनीतरी," तो म्हणाला. "पाच मिनिटंबी नाही झाले." मग त्यानं मागं, खालच्या वाटेकडे पाहिलं. "पन आपन तर याच वाटेनं आलो, वहिनी. ना अस्वल, ना मोहोळ. कायले टाकली असन?"

त्यानं तोंडाभोवती हात धरून हाक दिली. "आचल... ओ आचल..."

हाक समोरच्या कड्यावर जाऊन परत आली. मग एकदम शांत झालं. झाडांवर सकाळपासून किरकिरणारे किडे गप्प झाले होते. ते केव्हा गप्प झाले हे प्रेमिलाला कळलंच नाही.

माथ्याच्या वाटेवर, दहा पावलांवर, चुन्याची बादली ठेवलेली होती. रिकामी. ब्रश वाळून कडक झालेला. म्हणजे पोरगी माथ्यापर्यंत जाऊन, काम संपवून, इथवर उतरली होती. इथवर उतरली आणि समोर फांदी दिसली.

"मग वळून परत वर गेली असन," कैलाश उठत म्हणाला. "वर देवाचा ओटा आहे, झाड आहे, सावलीत बसली असन. शहानी पोट्टी आहे. चला, तासाभराचा चढ आहे."

"वर नाही गेली ती."

"तुमाले कसं ठाऊक?"

प्रेमिला फांदीकडे पाहत होती. बुडाशी एकच चपटा दगड, आणि शेंड्याची डहाळी मुडपून दुसऱ्या दगडाखाली दाबलेली, वाऱ्यानं हलू नये म्हणून. साऱ्या गावात अशी फांदी फक्त एक बाई टाकत होती. 

"सातनाल्याकडे गेली ती. भाऊजी, तिकडं चला."

"कायले जाईन ती तिकडं? अन् मी सांगतलं ना..."

"सात नाळी हायेत. मले एकबी ठाऊक नाही. मी एकटी कुठं शोधू? तुमी चला."

"नाही." तो वरच्या वाटेला लागलाही. "उगाच वेळ घालवून राहिल्या तुमी. पोरगी वर तहानेनं..."

आता माथ्यावर जाऊन यायचं म्हणजे दोन तास. दोन तासांत काय होतं ते मागच्या वर्षी साऱ्या गावानं पाहिलं होतं.  वर्षभर तिनं जे गिळून ठेवलं होतं ते आज बाहेर काढल्याशिवाय हा माणूस हलणार नव्हता, आणि काढलं तर हा माणूस आपल्याला इथेच ढकलून देईल असंही तिला वाटत होतं. पण तिकडे आचल होती.

"मागच्या साली," ती म्हणाली, "ही फांदी मी टाकली होती."

कैलाश थांबला.

"इथंच. रेणू मागं होती. अस्वल नव्हतं, काही नव्हतं. मी... रागात होती."

राग कशाचा होता ते सांगताना तिला स्वतःचीच किळस आली. प्रेमिलाच्या भावाचं लग्न होऊन गेलं होतं, आणि पत्ता तोडता तोडता रेणू चार बायकांसमोर हसत म्हणाली होती की वरण एवढं पातळ होतं की पत्रावळीवरून गावात निघालं होतं. सगळ्या हसल्या होत्या. तेवढंच. उतरताना सगळ्यांत मागं या दोघीच राहिल्या होत्या. रेणू आणखी एका झाडाचा पत्ता तोडते म्हणून थांबली आणि प्रेमिलानं तिठ्यावर फांदी टाकली. फिरू दे जरा धारेनं, येऊ दे वळसा घालून, संध्याकाळी उशीर झाला म्हणून नवऱ्याच्या शिव्या खाऊ दे. यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं. रेणूला वाट पाठ होती, घराची कौलं इथून दिसतात. पण तिनं फांदी पाहिली आणि ती वळली, कारण फांदी ओलांडायची नसते हे लग्न होऊन आली तेव्हा तिला प्रेमिलानंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी शोधायला माणसं निघाली तेव्हा प्रेमिला सगळ्यांच्या पुढे धावली आणि कोणी पाहायच्या आत तिनं ती फांदी दरीत भिरकावली.

 कैलाशनं कॅन खाली ठेवला आणि तो पुन्हा फांदीजवळ बसला.

"मी तिले खुळी म्हनलं," तो म्हणाला. "सारं गाव म्हने, मीबी म्हनलं. सरनावर ठेवली तेव्हाबी मनात म्हनलं, घरची वाट समजत नाही एवढी खुळी कशी..."

त्याचं तोंड वाकडं झालं, पण तो रडला नाही. त्यानं कॅन उचलला आणि धारेच्या वाटेनं चालू लागला. प्रेमिला त्याच्या मागं निघाली. तो आता काय करणार आहे, पोरगी सापडली तर तिला पाणी देणार की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. 

धारेवर सावली नव्हती. ऊन सरळ डोक्यावर होतं, आणि दोघांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. करर करर पाला वाजत होता. कैलाशचं पाऊल, मग तिचं पाऊल. थोडं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पावलं तीन वाजताहेत. तिच्या मागून, दहाएक हातांवरून, कोणीतरी पाय ओढत चालल्यासारखं. आणि त्या बाजूनं हिरवी फांदी मोडल्यावर येतो तसा ओला वास येत होता.

ती थांबली. कैलाशही थांबला. मागचं पाऊल एक जास्त वाजलं आणि मग थांबलं.

"भाऊजी..."

"मले ऐकू येऊन राहिलं." तो वळला नाही. "तुमी मागं पाहू नोका."

"कोन..."

"चाला."

पहिली नाळ रिकामी होती, दुसरीही रिकामी. तिसरीच्या तोंडाशी कैलाश एकदम घसरत खाली उतरला. खडकाच्या पोटात हातभर सावली होती आणि त्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन आचल बसली होती. टोपी डोळ्यांवर, ओठ फुटलेले, चेहरा लालबुंद. प्रेमिलानं तिला हलवलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

कैलाशनं कॅनचं झाकण काढलं. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, भिजवला, पोरीच्या मानेवर ठेवला आणि तिला घोट घोट पाणी पाजलं. 

"फांदी होती व आई," बऱ्याच वेळानं आचल बोलली. आवाज खरखरीत. "तुह्याच हातची. मले वाटलं तू आलीस मागून, खाली मोहोळ उठलं असन... म्हनून मी इकडं वळली."

"अन् मंग?"

"पुढं कोनीतरी चालून राहिलं होतं. मी हाका मारल्या, थांबेच ना. मंग मले भेव वाटलं, मी परत फिरली." ती थांबली. "तर मागं फांदी. मी आत्ताच आली होती तिथून, आई. बाजूनं गेली, तर तिथंबी फांदी... जिकडं पाहा तिकडं आडवी. मंग मी बसली."

"ओलांडाची होती व..." प्रेमिलाला रडू फुटलं.

"तूच तं सांगतलं, ओलांडाची नसते."

 नाळीत आता एकही फांदी नव्हती.

अर्ध्या तासानं पोरगी उभी राहिली. निघताना कैलाशनं कोण कुठे चालायचं ते ठरवलं. "वहिनी, तुमी समोर. आचल मधात. मी तिच्या मागं."

"अन् तुमच्या मागं?"

"माह्या मागं जे यायचं ते येईन," तो शांतपणे म्हणाला.

आलंच. साऱ्या धारेभर ते पाऊल वाजत आलं. आचलनं एकदा विचारलं, काका, मागं कोन हाय, आणि कैलाश म्हणाला, कोनी नाही बेटा, पाय पाहून टाक. प्रेमिला पुढे होती, पण तिची सगळी पाठ मागं ऐकत होती.

तिठ्यावर फांदी तशीच होती. तशीच हिरवी. पलीकडे खाली घरांची कौलं दिसत होती. प्रेमिला वाकली. आपण टाकली, आपणच उचलावी, झाडाला टेकवावी, संपवावं एकदाचं. तिचा हात फांदीपर्यंत गेलाही होता.

"हात नोका लावू," कैलाश म्हणाला. "शेवटच्यानं उचलाची असते."

तिघं फांदी ओलांडून खाली उतरली. शंभरेक पावलं गेली असतील. वरून दगड गडगडल्याचा आवाज आला, मग पानं जमिनीवरून ओढल्याची सळसळ, मग फांदी झाडाच्या सालीला टेकल्याचा आवाज. वाट मोकळी झाली होती. प्रेमिलानं न राहवून मागं पाहिलं. वाटेवर कैलाश होता, आणि कैलाश हसत होता. वर्षभरात तिनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं. सबंध दिवसात ती घाबरली नव्हती एवढी त्या हसण्याला घाबरली.

दवाखान्यात आचलला सलाईन लावलं. चार वाजेपर्यंत तिला तरतरी आली, पाचला घरी आली, आणि गार पोहे तसेच मागून घेऊन खाल्ले तिनं. प्रेमिला तिच्या खाटेजवळून हलली नाही. पोरगी वाचली होती. बाकी काय व्हायचं ते होवो, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कैलाश गावाला सांगेल, उमरावला सांगेल, पोलिसांत जाईल. जाऊ दे.

तो कुठेच गेला नाही. अजून उजेड होता तेव्हा भिंतीपलीकडून झाडल्याचा आवाज आला. मग सडा घातल्याचा. वर्षभर त्या अंगणात कोणी सडा घातला नव्हता.

थोड्या वेळानं कैलाश दारात आला. आंघोळ केलेली, धुतलेला सदरा, हातात वाटी.

"वहिनी, थोडं दही द्या ना. ताकाले पायजे."

प्रेमिला उठली. एवढंच बोलायला आला आहे यावर तिचा विश्वास बसेना. "तुमी तर ताक पीत नाही, भाऊजी."

"माह्यासाठी नाही." तो आवाज खाली आणून बोलला, आत कोणी निजलं असावं तसा. "मघापासून पानीच पिऊन राहिली. दोन माठ झाले... तरी तहान जात नाही म्हनते."

आचल खाटेवर उठून बसली होती. प्रेमिलानं दही वाटीत घातलं. अर्धं बाहेर सांडलं.

कैलाशनं वाटी घेतली, पायरी उतरला आणि वळला.

"अन् वहिनी, तिले तुमचा राग नाही. तसं सांग म्हने." तो पुन्हा तसाच हसला. "उद्या पत्त्याले जाशान, तं तिले हाक मारजा. संगच जाऊ म्हनते."

तो गेला. त्याच्या घराचं दार आतून कोणीतरी उघडलं आणि तो आत शिरल्यावर लावून घेतलं. मग भिंतीपलीकडे माठाच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज आला.